आधी हिच्या हातावर लावा

"आधी हिच्या हातावर लावा," मॅम म्हणाली आणि माझी बाही कोपरापर्यंत वर सारली. मला विचारलं नाही. टेबलावरचं फडकं उचलावं तसा माझा हात उचलला आणि खुर्चीतल्या बाईसमोर धरला.

अंधेरीतलं सलून. मॅम म्हणजे आमची मालकीण. खुर्चीतली बाई जुहूची. घरात मुलाचं लग्न, केस काळे करून हवेत, पण मागे कुठल्यातरी पार्लरमध्ये तिच्या टाळूला पुरळ आलं होतं, म्हणून घाबरलेली. मॅमने नवीन खोकं फोडलं. हिरवं. वर पानाचा फोटो. अमोनिया नाही, हर्बल, एकदम सेफ.

"सेफच आहे हो. पण तुमच्या समाधानासाठी," असं म्हणत तिने ब्रशने माझ्या हातावर काळा पट्टा ओढला.

बाईने तो जवळून पाहिला. हात लावला नाही. कंगव्याच्या टोकाने माझी कातडी दाबून बघितली. मग म्हणाली, "पण हिची स्किन जाड असणार ना? कामवाल्यांची असते."

मॅम हसली. मी पण हसले. काय करणार?

थोडा वेळ तो हात घेऊन उभी राहिले. काही झालं नाही. बाईचे केस काळे झाले, ती खूश होऊन गेली. लाज मला नंतर आली, घरी जाताना, बसमध्ये. बाही खाली ओढून बसले होते, जसं काही मीच काही केलं होतं.

मी त्या सलूनमधली कलरची मुलगी. आजोबा गिरणीत होते, बाबा वॉचमन, आणि मी चारकोपहून येऊन बायकांचे पांढरे केस असे लपवायचे की त्यांच्या सासूला कळू नये. माझं नाव घेऊन अपॉइंटमेंट मागायच्या. हे एकच काम मला झकास येतं. ते जाऊ नये म्हणून मी हात पुढे करत गेले.

कारण ती रीतच पडली. नवीन खोकं आलं, नवीन बाई घाबरली, की माझी बाही वर. माझ्याबरोबर काम करणारी रेश्मा चिडवायची, "काय गं, आज टेस्ट मॅच आहे का?" जोगेश्वरीची पोरगी, तोंडाची फटकळ, पण मनाने वाईट नाही. आम्हा दोघींचे चहाचे कप वेगळे होते, सिंकच्या खाली ठेवलेले. मॅमच्या कपाला आमचे ओठ चालत नव्हते. माझी कातडी मात्र चालत होती.

मग खाज सुटली. आधी वाटलं, घामोळं. नंतर पट्टा जिथे लागायचा तिथे लाल व्हायचं, मग फोड, मग पाणी. मॅमने क्रीम दिलं आणि म्हणाली, "दुसऱ्या हातावर घेऊ."

दुसरा हातही सुजला तेव्हा आईने पाहिलं. आई अजून मालवणीतच बोलते. तिने हात धरला, उलटा केला, सुलटा केला. "कोणी केल्यान ह्या?" मी सांगितलं. तिने हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "तुझ्या हाताक कोण धनी नाय काय गो?"

मला इतका राग आला तिचा. मी हात ओढून घेतला.

पालिकेच्या हॉस्पिटलात कातडीच्या डॉक्टरकडे गेले. तरुण मुलगी, दमलेली, मागे रांग. तिने विचारलं, "केस काळे करता?"

"दुसऱ्यांचे."

मग तिने सांगितलं. काळ्या रंगात एक केमिकल असतं. माझ्या अंगाने आता ते ओळखलंय, आणि अंग असलं काही विसरत नाही. आता लागलं की दर वेळी होणार, बहुतेक आधीपेक्षा जास्त. चेहरा सुजू शकतो. हे काम सोडा.

मी म्हटलं, "पण मॅडम, ते हर्बल आहे."

"मग काळं कशाने होतं?" ती म्हणाली.

 इतकी वर्षं तो रंग कालवला, कधी डोक्यात आलं नाही. मग मी सलूनमधल्या टेस्टचं सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तुमच्या हातावर लावून दुसरीचं काय कळणार? प्रत्येकीचं अंग वेगळं. जिचे केस रंगवायचे, तिच्याच कानामागे लावून बघायचं. आणि दोन दिवस थांबायचं."

मी बाहेर येऊन बाकड्यावर बसले. म्हणजे ती टेस्ट नव्हतीच. माझा हात जळत होता आणि त्यातून कोणाला काहीसुद्धा कळत नव्हतं. नुसता तमाशा होता. गिऱ्हाईक खुर्चीतून उठू नये म्हणून. मला रडायला नाही आलं. कोणालातरी मारावंसं वाटलं.

त्या दिवसापासून माझा कशावरच विश्वास राहिला नाही. घरात फरशी पुसायचं लिंबाच्या वासाचं पाणी. लिंबू कुठाय त्यात? कपाटातल्या डांबरगोळ्या, डासांची कॉइल, भांड्यांचा साबण, आईची गोरं करणारी ट्यूब. सगळं उचलून वास घ्यायचे, मागचं बारीक अक्षर वाचायचे. निम्मं समजायचं नाही, आणि ते समजू नये म्हणूनच लिहिलंय असं वाटायचं. दुकानदाराला विचारलं की तो म्हणायचा, "ताई, सगळे हेच नेतात." सगळे नेतात म्हणूनच तर भीती वाटते. आम्ही बेसिनमध्ये जो रंग धुतो तो जातो कुठे, हेही मी कधी विचारलं नव्हतं. नाल्यात जातो. नाला खाडीत जातो. खाडीतलं कोळणी बाजारात आणतात आणि ती जुहूची बाई पण खात असेल. कोण कोणापासून वाचणार, सांगा.

पगार लागतो म्हणून मी सलूनमध्ये जातच होते, तेव्हा रंगाच्या कंपनीचा माणूस नवीन माल घेऊन आला. टाय, लॅपटॉप, हिरवी स्लाइड. म्हणाला, आता सगळं ग्रीन केमिस्ट्री. निसर्गाला त्रास नाही, माणसाला त्रास नाही. मी हात वर केला. "सर, काळं कशाने होतं?"

"प्लांट-बेस्ड टेक्नॉलॉजी आहे."

"हो, पण काळं कशाने होतं?"

त्याने मॅमकडे पाहिलं. मॅम म्हणाली, "सरांसाठी पाणी आण."

ग्रीन केमिस्ट्री खरी असेलही. कुठेतरी कोणी डोकं लावून असा रंग बनवत असेल ज्याने कोणाचा हात जळत नाही आणि खाडी काळी होत नाही. यावा तो. मी पहिली घेईन. पण आमच्याकडे जे आलं ते खोक्याचा रंग बदलून आलं होतं. आत वास तोच. तो वास मी झोपेतही ओळखेन.

तो माणूस असतानाच एक बाई आली. तिलाही भीती. मॅमने वळून न बघता हात मागे केला, माझ्या हातासाठी.

"नाही," मी म्हटलं.

मॅमला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"माझा हात नाही मिळणार. बाईंच्या कानामागे लावा. दोन दिवसांनी या म्हणावं."

"नखरे नकोत. एवढासा रंग आहे."

मग ती रेश्माकडे वळली. "तू ये गं."

रेश्मा आली. बाही स्वतःच वर करत आली. मी मध्ये उभी राहिले. "तिचाही नाही."

"हट ना यार," रेश्मा दात आवळून म्हणाली. "तुझी नोकरी गेलीच, आता माझी पण घालवतेस?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याबद्दल राग होता, आणि खरा होता. तिच्या घरी कमावणारी ती एकटी.

खुर्चीतली बाई वैतागली. "अहो, एवढ्याशा रंगाने काय होतंय?"

मी म्हटलं, "मग तुमचा हात द्या."

सलूनमधला ड्रायर बंद झाला होता.  बाईचा उजवा हात, जो खुर्चीच्या दांड्यावर होता, तो तिने हळूच अंगावरच्या काळ्या कापडाच्या आत ओढून घेतला. म्हणजे तिलाही माहीत होतं. पहिल्यापासून सगळ्यांना माहीत होतं.

मॅम म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस."

रंगाचं काम तसंही माझ्या हातून गेलंय. डॉक्टर म्हणाली ते खरं आहे, आता नुसता डबा उघडला तरी बोटं तडतडतात. जे मला चांगलं येत होतं तेच त्यांनी खाल्लं, आणि ते मला कोणी परत देणार नाही. रेश्मा माझा फोन उचलत नाही. नको उचलू दे.

मी उद्या जाणार आहे. सलून उघडायच्या वेळी, दारात. रंगासाठी आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला माझे दोन्ही हात दाखवणार आणि सांगणार, तुमची खात्री तुमच्याच कातडीवर करून घ्या. हाकलायचं असेल तर मॅमने बाहेर यावं, आणि हाकलताना हेच हात धरावेत.