पेपर वाचणारे नंदकिशोरजी

नंदकिशोरजी रोज सकाळी पेपरातल्या लग्नाच्या जाहिराती मोठ्यानं वाचत, तळाच्या मुंगीएवढ्या अक्षरांसकट. आणि सरकारदरबारी त्यांची नोंद होती नेत्रहीन अशी. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी नांदतात हे मला कळलं, तेव्हा मी देवासहून धारला पाहुणा म्हणून आलो होतो. परतलो तो गुप्तहेर होऊन.

ते माझ्या सुमनताईबरोबर राहत. ताई माझी चुलत बहीण, सहा वर्षांनी मोठी, शाळेतून निवृत्त, वैधव्याला बरीच वर्षं झालेली. नंदकिशोरजी मूळचे बाग या गावचे, कापडावर ठप्प्यानं छपाई करणारे. ते धारला आले ते ताईच्या खालच्या खोलीत भाडेकरू म्हणून. दोन वर्षांत चुली दोनाच्या एक झाल्या. लग्न काही झालं नाही. आमच्या खानदानानं याचा जाहीर निषेध म्हणून ताईकडे जाणं बंद केलं आणि चौकशीसाठी मला पाठवलं. "बघून या, भांडून येऊ नका," बायकोनं बजावलं.

भांडणार कुणाशी? माणूस दारातच म्हणाला, "या भिया, मी केव्हाची वाट बघते!" 'भिया' म्हणजे माळव्यातला भैया. साठीचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. मराठी ताईकडून शिकलेले, त्यामुळे तिच्यासारखंच बोलत. "मी चहा टाकते", "मी आत्ता येते." मला हसू आवरेना. ते म्हणाले, "हसा भिया. मास्टरनीजीनं शिकवली तशी बोलते. फी घेत नाही, मग तक्रार कशाची करू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला पेन्शन काढायला सोबत नेलं. खिडकीमागचा मुलगा म्हणाला, "दादाजी, नेत्रहीनवाली ना? अंगूठा लगाओ." मी चमकलो. तासाभरापूर्वी याच माणसानं मला 'सुशील, गृहकार्यदक्ष, उंची पाच फूट दोन' वाचून दाखवलं होतं!

माझी अडचण समजून घ्या. अठ्ठावीस वर्षं मी देवासच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. आमच्या हातात एक गेज असतो. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बस. माल पास, नाही तर बाद. 'थोडासा पास' असं खातं आमच्याकडे नव्हतं. तेव्हा माणसाला दिसतं, नाही तर दिसत नाही, एवढं मला स्वच्छ कळत होतं. नंदकिशोरजी बाद होते. काळजी ताईची. उद्या हा भामटा पकडला गेला की तीही त्याच्याबरोबर चौकीवर.

पुढच्या फेरीला मी चाचणी घेतली. हे लिहिताना कान गरम होतात, पण लिहितो. ते मोरीकडे जाताना मी वाटेत हळूच स्टूल सरकवलं. ते सरळ चालत आले आणि स्टुलासकट आडवे झाले. नडगी सोलली. ताई हळद घेऊन धावली. मी मनात म्हटलं, काय अभिनय आहे!

"सामनेका दिखता है भिया," ते नडगी चोळत म्हणाले, "नीचेका, बाजूका नही. दिवसा मी नवाब, दिवे लागले की फकीर."

वा! केवढं सोयीचं आंधळेपण!

सकाळी मी मोबाईल पुढे धरून गोड आवाजात विचारलं, "नंदकिशोरजी, ते अगदी खालचं बारीक काय हो?" त्यांनी आनंदानं वाचलं. मी ते चित्रीकरण, तक्रारीसकट, शासनाच्या हेल्पलाइनवर पाठवून दिलं आणि बसमध्ये देवासपर्यंत छाती फुगवून बसलो.

महिन्याभरात ताईचा फोन आला. पेन्शन थांबली होती. जिल्हा रुग्णालयात पुन्हा डोळे तपासून घ्या, अशी नोटीस होती. "विजू, ते पिशवी भरून बसलेत रे. बागला निघालेत."

"जाऊ दे की."

"जाऊ दे? मेल्या, तो माणूस या घरात आला तोच अट घालून, की दूध आणि भाजी त्यांच्या पेन्शनीतून. फुकट राहणार नाही म्हणाले. पंधरा दिवस झाले, काळा चहा पितायत. दुधाला हात लावत नाहीत. माझे गुडघे धरलेत, मला चालवत नाही. तू ये, त्यांना रुग्णालयात ने. या वयात मी पुन्हा एकटी नाही राहणार, सांगून ठेवते."

गेलो. जाणं भागच होतं. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

रस्त्यानं त्यांनी माझा दंड धरला होता. "ठप्पा मारताना भिया, कोपऱ्याला कोपरा जुळावा लागतो. एक दिवस जुळेना. मालक म्हणाला, ध्यान कुठं आहे? मी म्हटलं, ध्यान आहे, कोपराच गेला!" आणि स्वतःच हसले. मला हसू आलं नाही.

तपासणी बरीच लांबली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांना सांगितल्यावाचून राहवेना म्हणून मी कुजबुजलो, "पण मॅडम, ये पेपर पढते हैं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग एका कागदाची पुंगळी करून माझ्या हातात दिली. "एक आँख बंद. दूसरीपर ये लगाइए. अब उस बेंचतक चलिए."

मी निघालो. समोरच्या भिंतीवरचं 'यहाँ न थूकें' स्पष्ट वाचलं, अगदी खालच्या बारीक अक्षरातल्या दंडाच्या सूचनेसह, आणि वाळूच्या पिकदाणीत पाय घातला. सावरायला गेलो तो स्ट्रेचरवर. बाकावरची सगळी रांग हसली. "इनको बस इतनाही दिखता है," बाई म्हणाल्या. "कई सालसे. और ये छेद छोटा होता जाएगा. पेन्शन चालू हो जाएगी."

बाहेर नळावर मी चप्पल धूत बसलो. नंदकिशोरजी उभे होते. मी म्हणालो, "नंदकिशोरजी, एक सांगायचंय. ती तक्रार..."

"धुवा, धुवा. टाचेला राहिली आहे."

"तक्रार मी केली होती."

"ठाऊक आहे. नोटीस देताना ऑफिसवाल्या साहेबांनी मला मोबाईल दाखवली. तुमचा आवाज किती गोड आहे त्यात! 'खालचं बारीक काय हो?'" त्यांनी माझी नक्कलही बरी केली.

"मग ताईला का नाही सांगितलंत?"

"सांगते, तर ती तुम्हाला पुन्हा दारात उभं करते? तिच्या माहेरचं कोण येतं भिया? एक तुम्ही. हेरायला का होईना, येता तर!" मग म्हणाले, "स्टूल मात्र नको होतं. तीन दिवस ठणकली."

पेन्शन सुरू झाली, पिशवी रिकामी झाली. ताईला सांगायचं मी पुढच्या फेरीवर ढकललं, मग त्याच्या पुढच्या. दर वेळी नंदकिशोरजी मला पेपर वाचून दाखवत. पुढं पुढं एकेका शब्दाला चाचपडत. भोक लहान होत चाललं होतं. आणि दर वेळी मी तोंड न उघडता परत येई. बसमध्ये झोप लागत नसे.

गेल्या थंडीत ते छातीत कळ येऊन गेले. दहाव्या दिवशी तलावाच्या काठी गुरुजींनी विचारलं, पिंड कोण देणार? त्यांच्याकडचं कुणीच नव्हतं. ताई काठी टेकत आली होती. म्हणाली, "विजू देईल. पेन्शनच्या वेळी यानंच त्यांना हाताला धरून नेलं. शेवटपर्यंत याचं नाव काढत."

पाट मांडला होता. माझ्यानं बसवेना.

"ताई, ती तक्रार मीच केली होती."

गुरुजी दर्भ निवडू लागले.

"त्यांना माहीत होतं?"

"हो."

"आधीपासून?"

"रुग्णालयात निघण्याच्या आधीपासून."

"आणि तरी तुझा हात धरून गेले?"

"हो."

ताईनं पाण्याकडे तोंड फिरवलं. मग नुसती काठीनं पाटाकडे खूण केली. मी बसलो.

"मृताचं नि तुमचं नातं?" गुरुजींनी मला विचारलं. "संकल्पात सांगावं लागतं."

मित्र म्हणायची माझी लायकी नव्हती, परका म्हणवत नव्हतं.

"मेहुणा," मागून ताई म्हणाली.

गुरुजी घुटमळले. "पण सुमनताई, लग्न तर..."

"मेहुणा आहे तो त्यांचा. माझा भाऊ आहे. म्हणा मंत्र, भात गार होतोय."