खुशालराव पारख्याचे दात

आमचे भाटवे खुशालराव, म्हणजे माह्या बहिणीचे, जयवंताचे नवरे, अकोल्याच्या कापूसबाजारात पारखी होते. कापसानं भरलेली बैलबंडी आली की मधात हात घालून कापूस काढायचा, त्यातली एक सरकी दाढेखाली धरायची अन् चावायची. कडक वाजली तर कापूस कोरडा. गिच्च दबली तर ओला, म्हणजे वजन वाढवाले कोणीतरी पाणी मारलेला. मंग भाटवे भर बाजारात ओरडत, "ओला", अन् बंडी माघारी. त्याईच्या दाढेवर शेठ डोळे मिटून इश्वास ठेवे.

ते दिवसच तसे होते. विलायतेच्या पलीकडं कुठंतरी लढाई लागली, तिकडचा कापूस बंद पडला अन् आमच्या वऱ्हाडातल्या कापसाच्या पराटीले सोन्याचा भाव आला. अकोटाकडून बंड्याईची रांग लागे. लोकाईनं बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या बसवल्या. अन् त्या बाजारात आमचे भाटवे उपरणं झटकत असे फिरत, जसा काही सारा कापूस त्याईनंच पिकवला.

आता एवढ्या मोलाच्या दाताची निगा माणसानं कशी राखावी? हे सकाळी उठून कोळसा अन् विटकरीचा भुगा घेऊन दात खसाखसा घासत, आमची माय पाण्याचा पितळी गुंड घासे तसे. हिरड्यातून रक्त आलं की म्हणत, "घाण निघून राहिली." मंग त्याच्यावर मिशरी. मंग दिवसभर ओठात तंबाखू-चुन्याची गोळी. सुपारी अडकित्त्यानं फोडणं त्याईले कमीपणा वाटे, पोत्याची गाठही दातानंच सोडत. दातात काही अटकलं की घेतला बाभळीचा काटा अन् कोरत बसले. जयवंता बिचारी रोज कडूनिंबाची काडी हातात देई. "हे काम बुढ्याईचं," भाटवे म्हणत, "माहे दात लोखंडाचे हायेत." मले त्या माणसाची अशी चीड ये, काय सांगू. पण बहिणीचा नवरा, बोलाची सोय नाई.

त्या साली काय झालं, बाजारात ओला कापूस लयच वाढला. आधी एखादी बंडी माघारी जाये, आता दर दुसरी जाऊ लागली. लोकं शपथा घेत, पाया पडत. भाटवे काही ऐकत नसत. मी त्याईच्याच घरी राहे, बाजारातही त्याईच्या संगं जाये; रात्री जेवताना मले ग्यान शिकवत, "पैसा आला अन् माणूस बिघडला, पाह्य." अन् हे सांगताना भाकर दुधात कुस्करून गिळून राहिले होते.

जयवंता ताटावर बसल्या बसल्या म्हणे, "तुमाले भाकर चावत नाई, अन् जगाले बेइमान म्हणून राहिले."

"भाकरीले चव नाई तुह्या," भाटवे म्हणे. विषय संपला.

अन् मंग जानरावाची बंडी आली. जानराव अकोटाकडचा, काळ्या वावराचा जुना कास्तकार. त्याच्या पोरीचं लग्न जमलं होतं, अन् होणारे व्याही वामनराव तिथंच उभे होते. भाटव्यानं सरकी चावली. आवाज नाई. "ओला."

जानराव पुढं झाला. "पारखीबुवा, थेंब पाणी मारलं नाई मी. अजून एक डाव पाहा."

वामनरावानं तोंड फिरवलं. सगळ्याईले ऐकू जाईल असं म्हणे, "चोराच्या घरची पोरगी आमाले नाई पाह्यजे." त्याची सोताची बंडीही आठ दिवसांआधी माघारी गेली होती, तवा हाच माणूस भाटव्याले शिव्या देत गेला होता.

जानराव हात जोडून उभा. पोरीचं लग्न त्या एका सरकीवर अटकलं होतं. भाटव्यानं दुसरी सरकी काढली, दाढेखाली धरली अन् सारा जोर लावला. कडक. भाटवे खुशीनं म्हणे, "कोरडा." म्हणता म्हणता तोंडातून रक्ताची धार लागली. हातावर थुंकले तर अर्धी दाढ बाहेर. सरकी जशीच्या तशी. बाजार खो खो हासला, मीही हासलो.

भाटवे नाई हासले. बोटानं एक एक दात हलवून पाहिला. सारे डुगडुगत होते. दातच मागं सरके तर सरकी कशी फुटंल? त्याईनं ती सरकी धुऊन, पुसून वामनरावाच्या हातावर ठेवली. "तुमी चावा."

वामनरावानं चावली. कडक. सगळ्याईनं ऐकली.

भाटवे बंडीच्या जुवावर चढले. आता बोलले तर रोजी जाते हे मले दिसत होतं. "ऐका हो," ते म्हणे, "जानरावाचा कापूस कोरडा हाय. महिनाभर ज्याईले ज्याईले मी ओला म्हटलं, त्याईचाही कोरडाच असंल. माह्या हिरड्या सडल्या अन् मी तुमाले चोर म्हणत राहिलो. वामनराव, तुमचीही माफी."

वामनराव खाली पाहू लागला. मंग हळूच म्हणे, "माहा ओलाच होता, पारखीबुवा. घागर ओतली होती मी."

कोणीच हासलं नाई. जानरावानं बैल जुपले. "व्याही," तो म्हणे, "आता पोरगी द्याची का नाई, हे मले घरी इचारू द्या."

भाटव्याची जागा त्याच सांजेले गेली. घरापर्यंत रक्त थुंकत आले. पण त्या दिवशी त्याईच्या बाजूनं चालाले मले पयल्यांदा बरं वाटलं.