गाऊनवाल्या विठोजींची मतमोजणी

बंगळुरात के. आर. पुरमच्या आसपास गेल्या सव्वीस वर्षांत जितके इंजिनिअर झाले, त्यांतले निम्मे तरी विठोजी पिसे यांच्या हाताखालून गेले आहेत. पदवीदानाच्या दिवशी मुलं जो काळा गाऊन, खांद्यावरचा रंगीत पट्टा आणि चौकोनी टोपी घालून फोटो काढतात, ते सगळं भाड्याचं असतं, आणि या भागात बहुतेक विठोजींचंच असतं. सकाळी ते चढवून द्यायचं, संध्याकाळी उतरवून घ्यायचं. पदवी तेवढी मुलांनी घरी न्यायची.

घराणं शिंप्याचं. साडेतीनशे वर्षांपूर्वी पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवत इकडे आले, फौज परत गेली आणि शिंपी राहिले, असं विठोजी सांगतात. पुराव्यादाखल एक कात्री दाखवतात, जी त्यांच्या वडिलांनी चिक्कपेटेच्या बाजारात घेतलेली आहे. स्वतः विठोजींचं शिक्षण नववीपर्यंत. त्यातही नववीनं त्यांना दोनदा आग्रहानं ठेवून घेतलं होतं.

पण उच्च शिक्षणाबद्दल बोलायला लागले की माणूस ऐकत राहतो. मेकॅनिकलवाले गाऊन काखेत फाडून आणतात. कॉम्प्युटरवाल्यांना हूक कुठं आहे ते सापडत नाही, मग ते फोनवर व्हिडिओ शोधतात. कॉमर्सवाले टोपी आधी मोजून देतात आणि मगच तारण ठेवलेलं ओळखपत्र परत मागतात. एमबीएवाले दुसऱ्याचाच गाऊन परत करतात आणि तो आपलाच असल्याचं इतकं छान पटवून देतात की विठोजी त्यांचे आभार मानतात. असं हे शास्त्र होतं, आणि त्याचा निष्कर्ष एकच होता. कॉलेजात गेलेल्या माणसाइतकं सुखी या जगात कुणी नाही. सगळे हसत असतात, मिठ्या मारतात, टोप्या हवेत उडवतात. विठोजींनी कॉलेजचा फक्त शेवटचा दिवस पाहिलेला होता, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही.

यातूनच यंदा घरात रणकंदन झालं. मुलगी मेघाश्री बारावी झाली. मार्क बरे पडले, पण प्रवेश परीक्षेत तिचा जो नंबर आला तो बघून तिच्या आईला, हेमावतींना, तो कुणाचातरी फोन नंबर वाटला. मग मॅनेजमेंट कोट्यातली सीट आली, आणि सीटबरोबर किरणकुमार आला. हा ॲडमिशन करून देणारा एजंट. दिवसातून तीनदा फोन करायचा. "सर, एकच सीट उरलीय," असं तो गेले सतरा दिवस सांगत होता. सीटची किंमत ऐकून हेमावती खाली बसल्या. बसल्यावर त्यांनी पुन्हा विचारली, पण ती काही कमी झाली नव्हती. एवढा पैसा उभा करायचा तर दुकानामागची शिवणखोली विकावी लागणार होती. घ्यायला गिऱ्हाईकही तयार होतं.

नेमकी तीच खोली मेघाश्रीला हवी होती.

"आप्पा, मला कॉलेजात जायाचं नाही की," ती म्हणाली. "मारतहळ्ळीकडची तीन कॉलेजं आपल्याकडं यायला तयार आहेत. नवीन मापाचे गाऊन कापून ठेवलेत मी. खोली विकली तर शिवायचं कुठं?"

"शिवणखोलीत टाळ्या कोण वाजवतं गे?" विठोजी म्हणाले. "तिथं जाऊन बघ, कसे हसतात सगळे."

"सुटले म्हणून हसतात, आप्पा."

हे विठोजींच्या फार जिव्हारी लागलं. दोन दिवस ते जेवताना फक्त भाताशी बोलत होते. तिसऱ्या दिवशी मेघाश्रीनंच तोड काढली. गुरुवारी एका कॉलेजचं पदवीदान होतं, तीनशे दहा गाऊन जाणार होते. गाऊन परत देताना एकेकाला विचारायचं, पैसा वसूल झाला का? हो म्हणेल त्याचा गाऊन एका गोणीत, नाही म्हणेल त्याचा दुसऱ्या गोणीत. ज्या गोणीत जास्त, तसं करायचं. हो जास्त निघाले तर ती मुकाट्यानं कॉलेजात जाणार, नाही जास्त निघाले तर किरणकुमारला नकार. त्याची मुदत शुक्रवारची होती.

विठोजींनी जागच्या जागी मान्य केलं. निवडणूक त्यांच्या खिशात होती. हेमावतींना निवडणूक अधिकारी नेमण्यात आलं, कारण त्यांना दोघांचाही सारखाच वैताग आला होता.

गुरुवारी दुपारी चार वाजता सभागृहाच्या मागच्या दाराशी मतदान सुरू झालं. पहिला आला तो मेकॅनिकलचा मुलगा. त्यानं क्षणभरही विचार न करता गाऊन 'नाही'च्या गोणीत फेकला. मागून त्याच्या आईनं तो उचलून 'हो'च्या गोणीत घातला. मुलानं परत काढला. आईनं दुसरी बाही धरली. काखेत आधीच फाटलेला तो गाऊन आता कमरेपर्यंत गेला, आणि शेवटी हेमावतींनी निर्णय दिला की मत मुलाचं, गाऊन आमचा, दोघांनी हात सोडा.

पुण्याहून आलेला अभिराज म्हणून एक जण होता. "अंकल, ऑनेस्टली सांगू? फीज जाम हेवी होती. प्लेसमेंट पण सो-सो. पण कँटीन सॉलिड होतं. मग कुठे टाकू?"

"कँटीन कॉलेजातच होतं ना बाळा?" विठोजी गोड आवाजात म्हणाले. "मग हो."

"आप्पा, प्रचार नको," मेघाश्री म्हणाली.

मग एक जोडी आली. वर्गातच जमलं होतं, डिसेंबरात लग्न होतं. दोघांनी हसत हसत 'हो' केलं. त्यांच्यामागून आलेल्या मुलीनं त्या जोडीकडे बघितलं आणि तिचा गाऊन 'नाही'त पडला. तिला कुणी कारण विचारलं नाही. एकानं 'नाही' करून झाल्यावर दुकानात काही काम मिळेल का असं हळूच विचारलं. विठोजींनी त्याला बटण लावता येतं का विचारलं. येत नव्हतं. "मग चार वर्षं काय केलंस रे?" या प्रश्नावर तो मुलगा इतका खोल विचारात पडला की त्याला बाजूला बसवून पाणी द्यावं लागलं. शिवाय 'डिपेंड्स' म्हणणारे निघाले. त्यांच्यासाठी गोणीच नव्हती. त्यांचे गाऊन एका खुर्चीच्या पाठीवर साठत गेले, आणि विठोजींना आयुष्यात पहिल्यांदा सुशिक्षित माणसांचा राग आला.

मधेच प्रेमा नावाची एक मुलगी आली. बरोबर तिचे वडील होते, खाकी शर्टातच, रिक्षा बाहेर लावून आलेले. तिनं प्रश्न पुरा होऊ दिला नाही, "हो" म्हणाली. वडिलांनी गाऊन हातात घेतला, उगाचच झटकला, आणि देववेना म्हणून अजून थोडा वेळ धरून ठेवला. विठोजींनी गोणीचं तोंड उघडं धरलं, पण घाई केली नाही. मेघाश्रीनं मान खाली घातली. या एका मताबद्दल दोन्ही पक्षांत काही वाद नव्हता.

शेवटी प्राध्यापक भीमाचार्य आले. स्टेजवर माइकवरून पदवीधरांची नावं पुकारण्याचं काम बावीस वर्षं त्यांच्याकडे होतं. त्यांचाही लाल गाऊन भाड्याचाच. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कन्नडात विचारलं, "मतदान गुप्त आहे ना?" आणि लाल गाऊन अगदी लहान करून 'नाही'च्या गोणीत तळाशी खुपसला.

साडेपाचला विठोजींनी अंदाज घेतला आणि खिशातली निवडणूक त्यांना निसटताना दिसली. 'नाही'ची गोणी दाटीवाटीनं भरून बाहेर सांडत होती. 'हो'ची गोणी कशीबशी उभी होती. तेवढ्यात हेमावती कॉफी सांगायला गेल्या. मेघाश्री काठी घेऊन मैदानात गेली, कारण उडवलेल्या टोप्यांपैकी तीस-चाळीस दर वर्षी बदामाच्या झाडावर अडकतात. विठोजी एकटे राहिले. समोर दोन गोण्या.

सव्वीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी कुणाचा हूकसुद्धा जास्तीचा लावला नव्हता. तो माणूस आता 'नाही'त हात घालून गाऊन काढत होता आणि 'हो'त ठेवत होता. देवाची क्षमा मागून झाली. हात मात्र सवयीनं आपलं काम करत होते.

कॉफी आली, तिघांनी प्यायली, मोजणी झाली. हो एकशे ऐंशी. नाही एकशे सात. डिपेंड्स तेवीस.

"बघ," विठोजी छताकडे बघत म्हणाले. "जनतेचा कौल."

मेघाश्रीनं 'हो'ची गोणी पुन्हा जमिनीवर पालथी केली. बहुतेक गाऊन बोळे होऊन पडले, जसे पोरं फेकतात तसे. आणि त्या बोळ्यांत चौकोनी, इस्त्री केल्यासारख्या, एकसारख्या घड्या. तिनं त्या वेगळ्या काढल्या. त्रेसष्ट निघाल्या.

"आप्पा, ह्या घड्या कुणी घातल्या?"

"चांगल्या घरची पोरं असतील."

"त्रेसष्ट पोरं? बाह्या आत, कॉलर वर, हूक लावून?"

"शिक्षणाचा परिणाम," विठोजी म्हणाले, पण त्यांचा आवाज शेवटच्या अक्षराला पार बसला होता.

हेमावतींनी एक गाऊन उचलून बघितला. लाल होता, प्राध्यापकांचा. त्यांनी तो नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. "आता स्वल्प खरं बोला," त्या म्हणाल्या.

मग विठोजी बोलले. खाली बघत, गाऊनच्या काठाशी चाळा करत बोलले. "सव्वीस वर्षं मी ह्या मागच्या दारात उभा आहे. आत नाव पुकारतात. आई-बाप खुर्चीतनं उठून टाळ्या मारतात. मला इथनं नुसतं ऐकायला येतं. एकदा मला आत बसायचं होतं की. आपल्या पोरीचं नाव आत बसून ऐकायचं होतं." एवढं बोलून त्यांना रडू आलं. पन्नाशीचा माणूस तो, गाऊनला डोळे पुसायला लागला, आणि भाड्याचा माल म्हणून लगेच थांबला.

मेघाश्रीलाही रडू येत होतं, पण ती भयंकर चिडलीही होती. "म्हणजे तुम्ही खुर्चीत बसावं म्हणून मी चार वर्षं बसायचं? आणि त्यासाठी खोली विकायची?"

विठोजींनी या बाजूनं कधी विचार केला नव्हता. त्यांनी तो आता केला, आणि त्यांना ते फारच महाग वाटलं.

"चला," मेघाश्री म्हणाली, आणि त्यांना दंडाला धरून आत घेऊन गेली.

सभागृह रिकामं होतं. दोन कामगार स्टेजवरची फुलं उतरवत होते आणि भीमाचार्य पोडियमखाली आपला चष्मा शोधत होते. मेघाश्रीनं आई-वडिलांना पहिल्या रांगेत बसवलं, स्टेजवर गेली आणि प्राध्यापकांना हळूच काहीतरी सांगितलं. भीमाचार्यांनी विठोजींच्या हातातल्या आपल्या लाल गाऊनकडे एकदा घाबरून पाहिलं आणि लगेच तयार झाले. मात्र शाखा कळल्याशिवाय नाव पुकारायची त्यांना सवय नव्हती.

"शाखा?"

"शिवण."

"विथ डिस्टिंक्शन?"

"त्रेसष्ट चोऱ्या पकडल्या," खालून हेमावती म्हणाल्या. "डिस्टिंक्शनच लावा."

भीमाचार्यांनी घसा खाकरला. माइक बंद होता, पण बावीस वर्षांच्या आवाजाला माइक लागत नाही. "मेघाश्री विठोजी पिसे," त्यांनी पुकारलं, आणि ते नाव मागच्या भिंतीला लागून परत आलं. मेघाश्री जीन्समध्येच, हातात टोप्या काढायची काठी धरून, स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. विठोजी ताडकन उठले. टाळ्या वाजवता वाजवता त्यांना काहीच दिसेना. हेमावतींनी त्यांचा शर्ट ओढला आणि मागच्यांना दिसत नाही, खाली बसा, असं सांगितलं. मागं कुणीच नव्हतं. फुलं उतरवणारे दोघं मात्र हातातलं काम टाकून टाळ्या वाजवायला लागले.

नंतर विठोजी बराच वेळ त्याच खुर्चीत बसून होते. खुर्ची प्लॅस्टिकची होती, एक पाय आखूड होता आणि पाठीत काहीतरी टोचत होतं. तरी ते उठेनात. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. किरणकुमार.

"सर, उद्या शेवटचा दिवस. एकच सीट—"

"नको रे अण्णा," विठोजी म्हणाले. "पोरीचं पदवीदान झालं."

"सर, अजून ॲडमिशनच झाली नाही."

"ते तुमच्या ऑफिसात बघून घ्या," विठोजी म्हणाले. "मी पहिल्या रांगेत होतो."