पडद्याच्या दांडीतलं चुंबक

परवा पडदे बदलताना अ‍ॅल्युमिनियमची दांडी हाती आली आणि मी एकटाच हसलो.

काही वर्षांपूर्वी नांदुऱ्याला मुलगी पाहायला गेलो होतो. विज्ञान शिक्षकाची छाप पडावी म्हणून त्यांच्या खिडकीवरची चकचकीत, पोकळ दांडी उतरवून घेतली. "पडत्या चुंबकामुळं या अ‍ॅल्युमिनियममध्ये वीज खेळते आणि तीच त्याला अडवते. बघा, कसं सावकाश उतरतं," म्हणत खिशातलं चुंबक आत सोडलं.

सगळे वाकून वाट पाहत राहिले.

"उतरून राह्यलं का?" मुलीनं विचारलं.

"हो, सावकाश."

"दांडी लोखंडाची हाये, सर. चिपकलं असन."

तेव्हा कान तापले. आता वाटतं, बरंच झालं अडकलं ते. तिचे वडील दांडी पुन्हा टांगत म्हणाले, "राहू द्या आतच. काढायले परत यावं लागन तुमाले."