आमच्या साडूंचं जपान

शांततेच्या मागे लागून आमच्या साडूंनी जेवढा गोंगाट केला, तेवढा भिवंडीतल्या सगळ्या लूमनी मिळून केला नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. धंद्याने डिझाइन मास्टर. साडीच्या किनारीची फुलं, वेलबुट्ट्या, कोयऱ्या ग्राफ पेपरवर चौकटी भरून काढायच्या आणि लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, तो माल उतरेपर्यंत तिथेच उभं राहायचं, हे त्यांनी तरुणपणापासून केलं. लूमच्या खटखटाटात उभं राहून माणसाचा आवाज असा काही चढतो की तो घरी गेल्यावरही खाली उतरत नाही. साडूंना हे ठाऊक नव्हतं. त्यांची समजूत अशी की आपण फार हळू बोलतो. बुद्धविहारात वंदनेला बसल्यावर एकदा ते शेजारच्या गृहस्थांच्या कानात "मन एकाग्र करा" असं कुजबुजले, तर बाहेर चपला सांभाळत उभ्या असलेल्या बाई "हो, करते" म्हणाल्या.

जपानचं खूळ आलं तेही विहारातूनच. ऐंशी सालानंतरच्या एका हिवाळ्यात जपानहून एक भन्तेजी, म्हणजे भिक्खू, आमच्या विहारात दोन दिवस मुक्कामाला होते. त्यांना मोडकंतोडकं हिंदी येत होतं आणि साडूंना त्याहून मोडकं, म्हणून दोघांचं फार जमलं. भन्तेजींनी आपल्याकडच्या एका बागेचे फोटो दाखवले. एक तळं, त्यावर लाकडी पूल, तीन-चार दगड, एक बांबू आणि बाकी सगळी मोकळी रेती. बस्स. आम्ही बाकीचे मनात म्हणालो, बाग अजून पुरी व्हायची असेल. साडू मात्र त्या फोटोंकडे बघत बसले ते जेवायलाही उठले नाहीत. भन्तेजी गेले आणि दुसऱ्या दिवसापासून साडू जपानहून नुकतेच परतल्यासारखे बोलायला लागले. हा माणूस नाशिकच्या पलीकडे कधी गेलेला नाही. "आमच्या जपानात असं नसतं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मलाच तिकडचं बोलावणं यायला हवं होतं.

मग सुरू झाली मोकळी जागा. साडू कोणाच्याही घरी गेले की पहिल्यांदा त्या घरातल्या वस्तू हलवायचे. आमच्या शोकेसवरच्या बाहुल्या, भेट आलेले कपबशीचे सेट, माझ्या शाळेने दिलेली ढाल, सगळं त्यांनी एका रविवारी कपाटात कोंबलं आणि वर एकच वाटी ठेवली, तीही रिकामी. "आता बघा, भिंत बोलायला लागली," म्हणाले. भिंत काही बोलली नाही, माझी बायको बोलली. पण बहिणीच्या नवऱ्याला थेट बोलायचं नाही म्हणून ती मला बोलली. जेवणाच्या ताटातही त्यांची हीच तऱ्हा. भाजी एका कडेला, कोशिंबीर तिच्यापासून लांब, मध्ये सगळं कोरं. "ताटाला श्वास घेऊ द्यावा," असं ते वाढणाऱ्याला सांगायचे. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, शांतपणे त्या कोऱ्या जागेत भाताचं वाडगं उपडं करायची आणि म्हणायची, "घेतला श्वास. आता जेवा."

आता तुम्ही म्हणाल, हसण्यावारी नेण्यासारखंच आहे की सगळं. मीही तेच करत होतो. पण एक दिवस साडूंना कान दाखवायला मी ठाण्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, उजवा कान गेलेलाच आहे, डावा थोडाफार आहे, तोही हळूहळू जाईल. परतताना एस.टी.त साडू खिडकीशी बसले होते. ते मला म्हणाले, "साडूभाऊ, आयुष्यभर नुसता लूम ऐकला. कान जायच्या आत एकदा पाण्याचा आवाज नीट ऐकायचाय. आपल्या गावात बसून. एवढी एक बाग झाली पाहिजे." हे त्यांनी अर्थातच हळू आवाजात सांगितलं, त्यामुळे अख्ख्या गाडीने ऐकलं. पुढच्या बाकावरचा म्हातारा मागे वळला आणि पुन्हा पुढे बघत बसला. त्या दिवसापासून मी त्यांच्या जपानला हसायचं बंद केलं. म्हणजे तोंडावर तरी.

जागा दिली पाटीलबाबांनी. पाटीलबाबा इथलेच जुने शेतकरी. दापोड्याकडच्या त्यांच्या शेतांवर मुलांनी गोदामं उठवली होती आणि बाबांना बसायला ओट्याखेरीज जागा उरली नव्हती. गावात लूमच्या दोन गल्ल्यांमध्ये त्यांचा एक तुकडा पडून होता. त्यात विहीर होती, लूममधून फेकलेल्या सुताचा कचरा होता आणि शेळ्या होत्या. साडू त्यांच्या ओट्यावर रोज जाऊन बसले आणि एवढ्या मोठ्याने शांततेचं महत्त्व सांगत राहिले की शेवटी बाबा कंटाळले. "घे बाबा जागा," ते म्हणाले. "पन पुढल्या जत्रंपतुर बाग दिसली पायजे, नि तिच्यात मानसा बसलेली दिसली पायजेत. न्हायतर पोरा गोदाम बांधतील. मंग मी आडवनार न्हाय." दोन्ही मुलगे मागे उभे होते. त्यांनी नुसतं एकमेकांकडे पाहिलं. आमच्या गावात एखाद्या जागेवरून गोदामवाल्यांनी असं एकमेकांकडे पाहिलं की ती जागा वाचत नाही, हे आम्हाला पाठ होतं.

मग दगड. दगड जवळपासचे चालेनात, अकलोलीच्या नदीतलेच हवेत. मी बरोबर गेलो. लोक अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडात अंग शेकायला जातात. आम्ही भर उन्हात नदीच्या पात्रात दगडांपुढे बसलो होतो. साडू एकेका दगडासमोर उकिडवे बसायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "हा चांगला आहे, पण त्याला यायचं नाहीये." टेम्पोवाला बिहारचा, सोशिक माणूस. दुपारपर्यंत त्याने धीर धरला. मग म्हणाला, "मास्टर, पत्थर से एक बार फिर पूछ लो ना. हमको आगे माल भरना है." साडूंनी खरंच पुन्हा विचारलं असावं, कारण त्यानंतर भराभर दगड तयार झाले.

बांधकाम जॉबर चाचांकडे होतं. जॉबर म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. चाचा उत्तर प्रदेशातून लहानपणी आलेले आणि साडूंचे जुने जोडीदार. साडूंनी काढलेलं डिझाइन लूमवर चढवण्यात त्यांची उमर गेली. निवृत्त होऊन घरी बसले होते, म्हणून साडूंनी त्यांना बोलावलं. भन्तेजींच्या फोटोवरून साडूंनी नकाशा काढला, आणि तो काढला ग्राफ पेपरवर, कारण दुसऱ्या कागदावर त्यांचा हातच चालत नसे. एका कोपऱ्यात तळं, त्यावर पूल, दगड आणि तो बांबू. बांबूची गंमत अशी की पोकळ बांबूत पाण्याची धार पडत राहते, तो भरला की पुढे झुकून रिकामा होतो आणि परत येताना त्याचं शेपूट दगडावर आपटतं. टक. बाकी सगळा कागद कोरा. तो कागद साडूंनी चाचांच्या हातात दिला, "जसं आहे तसं करा" म्हणाले आणि त्याच आठवड्यात कावीळ होऊन पडले.

कावीळ म्हटल्यावर आमच्याकडे माणसाला दिघाशीला नेतात. दिघाशी आमची दोघांची सासुरवाडी. सासूबाई झाडपाल्याचं औषध देतात आणि ते चालू असेपर्यंत रोग्याला हलू देत नाहीत. साडू रोज उठून भिवंडीला निघायचे आणि सासूबाई रोज त्यांना दारातून परत आणायच्या. "बागंला कावील न्हाय झाली, तुमाला झाली हाय. पडा गप." बागेकडे लक्ष ठेवायचं काम माझ्यावर आलं. मी दोनदा गेलो, पण चाचांनी जागेभोवती कोऱ्या कापडाचा पडदा लावला होता. माल पुरा उतरल्याशिवाय दाखवायचा नाही ही त्यांची लूमची सवय. पडद्याआडून म्हणाले, "मास्टर से बोलो, फिकर नको. ए-वन माल निकलेगा."

बाग उघडायला जत्रेच्या आधीचा शुक्रवार ठरला. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात. आठवड्यातला तो एकच दिवस, जेव्हा गल्लीत कावळा ओरडलेला कळतो. साडू दिघाशीहून थेट आले, डोळ्यांत अजून पिवळी झाक, अंगावर लग्नात घातलेला कोट. चाचांनी पडदा ओढला. आणि आम्ही पाहिलं, तर बागेत चार तळी होती. चार तळ्यांवर चार पूल. प्रत्येक पुलाशी तसेच दगड, तसाच बांबू, त्यात विहिरीच्या पाण्याची धार सोडलेली. एका ओळीत, सारख्या अंतरावर, जराही इकडेतिकडे नाही. मोकळी रेती म्हणाल तर मध्ये पाय ठेवण्यापुरती.

साडूंचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा खरोखर खाली गेलेला ऐकला. "चाचा, हे काय केलंत?"

"क्यों, गलत हुआ?" चाचा म्हणाले. "आपने कागज पे एक डिझाइन दिया, हमने पूरा पन्हा भर दिया. हमेशा ऐसेच तो करते हैं."

साडीच्या कागदावर डिझाइन एकदाच काढतात, लूम ते कापडाचा सगळा पन्हा भरेपर्यंत पुन्हा पुन्हा विणतो. "अहो, तो कोरा भाग हीच बाग होती," साडू म्हणाले. चाचा चक्रावले. "खाली जगह छूट जाती थी तो आपही गाली देते थे, मास्टर." हे खरं होतं. साडू पहिल्या पुलाच्या कठड्यावर बसले आणि कोटाच्या गुंड्या काढायला लागले. नेमके समोरून पाटीलबाबा काठी टेकत येत होते आणि मागे दोन्ही मुलगे.

थोरल्याने एक चक्कर मारली. "बाबा, ही बाग हाय का डबकी? नुसतं मच्छर होतील." धाकटा पावलांनी जागेची लांबी मोजत होता. बाबा विहिरीच्या कठड्यावर टेकले. तेवढ्यात माणसं यायला लागली. सुट्टीचा दिवस, नवी जागा, फुकट. चाळीतल्या बायकांनी पहिलं तळं धरलं, मोहल्ल्यातल्या बायका दुसऱ्याशी बसल्या. पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांनी तिसऱ्यावर हक्क सांगितला. चौथ्याशी रात्रपाळीचे लूमवाले लुंगी सावरून टेकले आणि त्यातले दोघं बघताबघता घोरायला लागले. पोरं या पुलावरून त्या पुलावर पळत होती. सार्वजनिक नळावर हंड्याला हंडा लागला तर जिथे डोकी फुटतात, त्या गावात कोणी कोणाला "सरका" म्हणत नव्हतं.

बाबा चारही तळ्यांवर नजर फिरवून मुलांना म्हणाले, "एक तळं आसतं ना, तं आतापतुर भांडान झालं आसतं. चार हायत म्हनून सगली गप हायत." थोरला म्हणाला, "पन बाबा, गोदाम." बाबा उठले. "गोदामात मानूस बसत न्हाय रं. गोनी बसतात. ऱ्हाऊ दे ही." एवढंच. धाकट्याने पावलं मोजायची थांबवली. मी इतका हलका झालो की चाचांना मिठी मारली, आणि चाचा म्हणाले, "मैंने तो पहलेच बोला था, ए-वन."

साडूंना सांगायला धावलो, तर ते कठड्यावर तसेच बसलेले, मान तिरकी करून. अकलोलीला दगडासमोर करायचे तशी. चारही बांबू आपापल्या वेळेने भरत होते आणि आपटत होते. टक. टक टक. टक. संथ चालीत चालणारा एखादा लूमच म्हणा ना. मला वाटलं, आता बिचारा रडणार. ज्या आवाजापासून पळायचं होतं तोच बागेत येऊन बसला.

"बाग राहिली, साडूभाऊ," मी त्यांच्या डाव्या कानात ओरडलो.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "एक सांगू? कोणाला बोलू नका. दिघाशीला मी सासूबाईंचा डोळा चुकवून ओढ्याकाठी जाऊन बसलो होतो. पाणी वाहत होतं. मला काही ऐकू येत नव्हतं. इथेही पाण्याची धार ऐकू येत नाही. एकच बांबू असता तर तोही आला नसता. पण हे चार मिळून… हे येतंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. साडू मात्र हसत होते. चाचांना हाक मारून त्यांनी शेजारी बसवलं आणि "दुसऱ्या बांबूचं टायमिंग जरा मागे आहे" अशी तक्रार सांगायला सुरुवात केली. चाचा पाना शोधायला गेले.

पुढे काही वर्षांत डॉक्टर म्हणाले होते तसं झालं, डावा कानही गेला. साडूंचा आवाज त्यानंतर उलट खाली आला, इतका की आता आम्हालाच पुढे झुकावं लागे. पण शुक्रवार त्यांनी चुकवला नाही. गेल्यावर पहिल्या तळ्याशी बसायचे आणि बांबूखालच्या दगडावर तळहात पालथा ठेवायचे, जरा बाजूला, बोटं चेंगरणार नाहीत अशा बेताने. बांबू भरायचा, झुकायचा, परत यायचा. दगड हलल्यासारखा व्हायचा आणि साडू माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. मीही मान हलवायचो. एकदा मी असाच बाजूला हात ठेवून पाहिला. आवाज तर येत होताच, पण दगडाच्या आत काहीतरी धडकतं ते पहिल्यांदाच कळलं, आणि मग आम्ही दोघं साडू कितीतरी वेळ एका दगडावर हात ठेवून बसलो.