सोडवलेला गुंता

टप्, टप्, टपटपटप! लाकडी मणी फरशीवर सांडल्याचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो पालघरच्या शाळेत, साठ सालानंतर कधीतरी. मी प्रयोगशाळेचा शिपाई. आमचे देवधर सर टेबलाखाली मणी गोळा करता करता प्रथिनं समजावत होते. अशा माणसाजवळ राहिलं की किस्से जमवावे लागत नाहीत. संध्याकाळी खिशात सापडतात, मण्यांसारखे!

*

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि ही आम्लं वीस प्रकारची. म्हणून सरांना वीस रंगांचे मणी हवे होते. दुकानदाराने विचारलं, "सर, लग्न एकाच मुलीचं आहे ना?"

*

एकदा सरांनी वर्गात अंडं उकडलं. "उष्णतेने प्रथिनाच्या माळेची घडी मोडली, म्हणून हे घट्ट झालं. माळ तीच! आता हे पुन्हा पातळ होईल का?"

दारातून हेडमास्तर म्हणाले, "ते नंतर बघू. दामू, मीठ आण!"

*

सरांच्या घरी मी एकदा कौतुकाने म्हटलं, "वहिनी, प्रथिनाची घडी सरांएवढी कुणाला कळत नाही."

"अंथरुणाची तेवढी कळली असती तर!"

*

सर साताऱ्याकडचे, अजून कायम झाले नव्हते. सगळं तपासणीच्या शेऱ्यावर होतं. तपासणीला येणाऱ्या साहेबांना दाखवायला त्यांनी मण्यांची लांबलचक माळ वळवून, जागोजागी दोऱ्याने बांधून प्रथिनाच्या घडीसारखा छान गोळा केला होता.

सातपाटीची हिराबाय फाटकाशी मासळी विकायची. ती बघायला आली. सर म्हणाले, "पाण्याला भिणारे मणी आत, पाण्यात रमणारे बाहेर."

"मंग आमी सातपाटीवाली सगली बाहेरचीच!"

तपासणीच्या दिवशी सर साहेबांना आणायला स्टेशनवर गेले, मी पाणी भरायला. परतलो तर टेबलावर माळ सरळ पसरलेली, आणि शेजारी हिराबाय खुशीत.

सर आले तशी म्हणाली, "सायेब येनार नि यवढा गुता? आमी गुतलेलं जालं पावन्याला दाकवत नाय. सोडवलाय. येक मनी हलला नाय, बगा!"

सरांनी सुटलेले दोरे गोळा केले. ती टोपली उचलून फाटकाशी गेली. हेडमास्तरांकडे चहा पिऊन साहेब आत आले.

"हीच का घडी?"

"साहेब, मण्यांची ओळ शाबूत आहे. घडी कशी पडायची ते त्या ओळीतच ठरलेलं असतं. खऱ्या प्रथिनाची पाण्यात आपली आपण पडते."

"मग पाडा की!"

सरांनी माळ हलवली. काही पडलं नाही. सरांचा चेहराच पडला.

साहेब माळेजवळ वाकले. मग त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि फरशीवर मांडी घातली. "हा निळा कोणाजवळ होता?"

साहेबांची दुपारची गाडी गेली. दोघं मणी वळवतच होते.

"देवधर, पुढच्या वर्षी मोठे मणी घ्या. दिसत नाहीत मला."

"पुढच्या वर्षी, साहेब?"

"मग? कायम झालेला माणूस जातो कुठे!"

सरांच्या हातातून माळ सुटली. साहेब ओरडले, "अहो, धरा, धरा! आत्ताच कुठे गुंतत होती!"

दारात हिराबाय उभी होती, रिकामी टोपली कमरेवर. तिने साहेबांकडे बघितलं, सरांकडे बघितलं, माळेकडे बघितलं. मग पदर खोचला, "आता सायेबच गुतला!" म्हणाली आणि घराकडे चालायला लागली.