नेवारे ट्रकमधून उतरले कसे?

पडद्यावर ट्रकचा हॉर्न वाजला आणि व्हिडिओ संपला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी दिवे लावले. दुसऱ्या रांगेतून मृणालने हात वर केला.

"मॅडम, काका वर चढले. मग उतरले कसे?"

वर्ग हसला. मृणालला प्रश्न विचारायची सवय आहे आणि ती नेमकी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर उफाळून येते. मी उत्तर द्यायला तोंड उघडले, तेव्हा लक्षात आले की उत्तर माझ्याकडे नाही. नेवारेंनी सीटवर बसून हॉर्न वाजवताच आम्ही कॅमेरा बंद केला होता आणि सामान गोळा करायला वळलो होतो.

मी नागपूरच्या एका कॉलेजात ऑक्युपेशनल थेरपी शिकवते. आजारानंतर किंवा अपघातानंतर माणसाला त्याच्या रोजच्या कामावर परत नेणे हा आमचा विषय. फिजिओथेरपीवाले गुडघ्याची ताकद परत आणतात. त्या गुडघ्याने माणूस काय करणार, हे आम्ही पाहतो. या तासाला दोन्ही शाखांचे विद्यार्थी एकत्र बसतात. पेशंटच्या परवानगीने केलेला व्हिडिओ दाखवायचा, काय दिसले ते त्यांनी सांगायचे. याला व्हिडिओ केस स्टडी म्हणतात.

ही केस सुरेश नेवारे यांची. गाव पारशिवनीजवळ, मुक्काम नागपूरलगतच्या वाडीतल्या भाड्याच्या खोलीत, काम मालट्रक चालवणे. उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटचे, म्हणजे हाडांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचे, ऑपरेशन झालेले. मधल्या काळात शेठने त्यांच्या ट्रकवर बदली ड्रायव्हर ठेवला होता. सोमवारी आमचा रिपोर्ट मिळाला तर ट्रक परत नेवारेंचा. नाहीतर बदलीवाला कायम. रिपोर्ट मी लिहून ठेवला होता: कामाला योग्य. सही तेवढी बाकी होती.

वर्गातूनच मी त्यांना फोन लावला आणि स्पीकर ऑन केला.

"नेवारेजी, त्या दिवशी शूटिंग झाल्यावर तुम्ही खाली कसे उतरलात?"

"कसा म्हणजे? कुदलो ना!"

"कुदलात?"

"मॅडम, ट्रकवाला उतरत नसते, कुदते. काहून, काही चुकलं का?"

फिजिओच्या मुलांचे हसू थांबले. केबिनचा तळ माणसाच्या छातीएवढा उंच. तिथून मारलेल्या उडीचा हिसका बऱ्या होत असलेल्या पट्ट्यावर येतो. तो पुन्हा तुटला तर पुन्हा ऑपरेशन, आणि शेठ दुसऱ्यांदा थांबणार नव्हता.

तो शुक्रवार होता. शनिवारी आम्ही कॅमेरा घेऊन वाडीला गोडाऊनवर पोचलो.

"दाखवू का कुदून?" नेवारेंनी केबिनमधून विचारले.

"नको!" सगळे एकदम ओरडले.

योग्य पद्धत सोपी आहे. तोंड केबिनकडे, दोन्ही हातांनी दांडे धरायचे, ऑपरेशनचा पाय आधी खालच्या पायदानावर, मग दुसरा. शिडी उतरतात तसे. नेवारे एकदा तसे व्यवस्थित उतरले. शेजारच्या ट्रकमधून त्यांचा दोस्त बबन ओरडला, "काय गा नेवारे, उचलून घेऊ का तुले?"

नेवारे तडक पुन्हा वर जाऊन बसले.

"मॅडम, गुडघा गेला तरी चालन, मी असा नाही उतरत. इथं इज्जत आहे आपली."

मी लिगामेंटबद्दल पुन्हा समजावले. ते मान डोलवत राहिले. मान डोलवणाऱ्या पेशंटवर विश्वास ठेवू नये, हे मी प्रत्येक बॅचला शिकवते.

मृणाल केबिनमध्ये डोकावत होती.

"काका, उतरताना डबा कुठं असते तुमचा?"

"हातात."

"अन् पाण्याची बाटली?"

"दुसऱ्या हातात."

"मग दांडा कोण धरते?"

नेवारे बबनकडे पाहू लागले. बबन आरशाकडे.

मृणालने डबा आणि बाटली दाराच्या आत, सीटच्या पायथ्याशी कडेला ठेवली. "आधी तुम्ही उतरा. मग खालून हात घालून डबा घ्या. डबा आत असल्यावर तोंड आतच राहणार ना? त्यात कायची लाज?"

नेवारेंनी करून पाहिले. उलटा उतरणारा माणूस कोणाला दिसलाच नाही. दिसला तो डबा घेणारा माणूस. बबन आपला आरसा पुसत राहिला. ऊन चढेपर्यंत आम्ही त्यांच्याकडून तेच करून घेतले.

सोमवारी सकाळी रिपोर्टवर सही झाली, दोन शब्द वाढवून: उडी वर्ज्य. त्याच संध्याकाळी नेवारे माल घेऊन अमरावती रोडला लागले.

पुढे एकदा त्यांचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ आला. त्यात बबन केबिनकडे तोंड करून उतरतो आणि आत हात घालून डबा घेतो. मागून नेवारेंचा आवाज: "मॅडम, याची कंबर दुखून राहिली, सांगत नाही कोणाले. केस स्टडी पाठवून राहिलो!" मग बबनचा: "बंद कर गा ते!"

पेशंटची परवानगी नसल्याने हा व्हिडिओ वर्गात दाखवता आलेला नाही.

आमचा शूटिंगचा नियम मात्र बदलला. पेशंट वर पोचला म्हणून कॅमेरा बंद करायचा नाही. तो खाली येऊन चालू लागला की करायचा. नेवारेंचा पहिला व्हिडिओ मी होता तसाच ठेवला आहे. नव्या बॅचला तो हॉर्नपर्यंत दाखवते, दिवे लावते आणि थांबते.

बहुतेक बॅचेस टाळ्या वाजवतात.